खोली दहा बाय बारा, रूळ नऊ मिलिमीटर

मॉड्यूलर मॉडेल रेल्वे म्हणजे तुकड्यातुकड्यांनी बांधलेली आगगाडीची प्रतिकृती. प्रत्येक तुकडा ही एक स्वतंत्र, उथळ पेटी असते. तिच्यावर रूळ, खडी, फलाट, घरे, झाडे कायमची बसवलेली असतात आणि तिच्या दोन्ही टोकांना रूळ ठरल्या जागी, ठरल्या उंचीवर येऊन थांबतात. पेट्या शेजारी शेजारी मांडून जोडल्या आणि वीज दिली की गाडी धावते. काम आटोपले की पेट्या सुट्या होऊन माळ्यावर, कपाटावर किंवा पलंगाखाली जातात. कायमच्या मांडणीला खोली लागते. मॉड्यूलना चार-सहा तास मोकळी जागा आणि एरवी ठेवायला कोपरा पुरतो.

गिरगाव, लालबाग, परळ, नायगाव इथल्या घरांना हा फरक फार मोठा आहे. चाळीतली खोली म्हटली की दहा बाय बारा. बीडीडी चाळींमधल्या खोल्या १६० चौरस फुटांच्या. सकाळी स्वयंपाक आणि आंघोळीची घाई, दुपारी मुलांचा अभ्यास, संध्याकाळी पाहुणे आणि रात्री अंथरुणे, हे सगळे त्याच चार भिंतींत होते. पुनर्विकासात मिळणाऱ्या ५०० चौरस फुटांतही आगगाडीसाठी वेगळी खोली निघत नाही. म्हणून इथे जागा चौरस फुटांबरोबर तासांतही मोजावी लागते: जेवणे उरकल्यापासून दिवेलागणीपर्यंत दिवाण मोकळा असेल तर तेवढा वेळ ती जागा रेल्वेची.

मांडायचे, मिरवायचे आणि उकलून ठेवायचे ही रीत या वस्तीला नवी नाही. घरच्या गणपतीचे मखर दीड, पाच किंवा दहा दिवस उभे राहते आणि मग घडी होऊन वर्षभर माळ्यावर पडते. २०१८ मध्ये राज्यात थर्माकोलवर बंदी आल्यावर पुठ्ठ्याची घडीची मखरे घरोघर आली. दिवाळीत चाळीच्या अंगणात मुले मातीचा किल्ला करतात, त्यावर अळीव पेरतात, आणि चार दिवसांत डोंगर हिरवा होतो. मोठ्या गोष्टीची लहान, पटणारी प्रतिकृती करण्याचा हात इथे लहानपणीच तयार होतो. मॉडेल रेल्वेत त्या हाताला मिलिमीटरची शिस्त लागते.

महाराष्ट्रातली सर्वांत परिचित मॉडेल रेल्वे पुण्याला कोथरूडमध्ये आहे. भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेले जोशीज म्युझियम ऑफ मिनिएचर रेल्वे १९९८ मध्ये लोकांसाठी खुले झाले. तिथल्या गाड्या, सिग्नल आणि भोवतालचे शहर एकाच मोठ्या मांडणीत बसवलेले आहे. ती कायमची मांडणी आहे आणि तिची मजा तिच्या विस्तारात आहे. ती पाहून आलेल्या मुंबईकराला घरी करायचे असेल, तर मात्र दुसऱ्या परंपरेकडे वळावे लागते.

त्या परंपरेचे मूळ एका साध्या करारात आहे. खेळण्यातल्या गाड्यांचे रूळ ठरावीक मापांचे असावेत आणि वेगवेगळे संच एकमेकांना जोडता यावेत, हा विचार मार्क्लिन या जर्मन कंपनीने १८९१ च्या लाइपझिग जत्रेत मांडला. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या छांदिष्टांनी एन-ट्रॅक नावाचे प्रमाण ठरवले: पेटी चार फूट लांब, दोन फूट रुंद, पुढच्या कडेला तीन समांतर मार्ग. १९८१ मध्ये जर्मनीत फ्रेमो ही संस्था स्थापन झाली. तिचे सभासद स्वतःचे मॉड्यूल घेऊन मोठ्या सभागृहांत जमतात आणि दोन-तीन दिवस एकत्र वाहतूक चालवतात. जपानमधून २००० च्या सुमारास टी-ट्रॅक हे प्रमाण पुढे आले. त्यात पेटी एवढी लहान की ती जेवणाच्या टेबलावर मावते. छोट्या घरांच्या देशातून आलेले हे माप मुंबईच्या घरालाही नेमके बसते.

माप ठरवताना पहिला प्रश्न प्रमाणाचा. एचओ प्रमाणात मूळ वस्तू ८७ पट लहान होते आणि रुळांमधले अंतर १६.५ मिलिमीटर असते. एन प्रमाणात ती १६० पट लहान होते आणि रुळांमधले अंतर ९ मिलिमीटर. कागदावर हा फरक किरकोळ वाटतो, पण मुंबईची लोकल घेऊन पाहिले की खरे काय ते कळते. बारा डब्यांची लोकल सुमारे २५६ मीटर लांब. एचओमध्ये ती जवळजवळ ३ मीटर होते, म्हणजे दहा फुटी भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसती लोकलच. वळायलाही जागा उरत नाही. एनमध्ये तीच गाडी सुमारे १.६ मीटर, आणि एक डबा जेमतेम १३ सेंटिमीटर. दोन लगतच्या स्थानकांमधले एक किलोमीटर अंतर एचओमध्ये साडेअकरा मीटर भरते, एनमध्ये सव्वासहा. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गेलेल्या पहिल्या गाडीचा ३४ किलोमीटरचा मार्ग एन प्रमाणातही २१२ मीटर होईल. म्हणजे कोणत्याही घरात पूर्ण मार्ग होत नाही. स्थानके निवडावी लागतात, फलाट आखूड करावे लागतात, मधले अंतर गिळावे लागते. काय ठेवले आणि काय सोडले, यातच करणाऱ्याची नजर दिसते.

भारतीय रेल्वे करू पाहणाऱ्याला आणखी एक अडचण येते. बाजारात मिळणारे एचओ आणि एनचे रूळ युरोप-अमेरिकेच्या १४३५ मिलिमीटर मापावर आधारलेले आहेत. आपली ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरची. हिशेबाने एचओमध्ये ती १९.३ आणि एनमध्ये १०.५ मिलिमीटर व्हायला हवी. ३.६६ मीटर रुंद लोकलचा डबा प्रमाणात अचूक करून ९ मिलिमीटरच्या रुळांवर ठेवला तर तो थोडा डोईजड दिसतो. रूळ हाताने अंथरून अचूक माप साधणारे जगात आहेत, पण मग चाके, सांधे, इंजिनाची चौकट सगळेच हाताने करावे लागते. मॉड्यूलच्या वाटेने जाणाऱ्याने ही दीड मिलिमीटरची तूट पत्करलेली बरी, कारण तयार रूळ वापरल्याशिवाय दुसऱ्याच्या पेटीशी जोड होत नाही. मेट्रोचे मात्र उलटे. गिरगाव आणि दादरखालून जाणारी मेट्रो-३ मानक मापाचीच आहे. तिच्या प्रतिकृतीत रूळही बरोबर येतात.

टी-ट्रॅकच्या एका सरळ पेटीची लांबी ३०८ मिलिमीटर. तिच्यावर काटो या जपानी कंपनीचे प्लास्टिकच्या खडीसकट येणारे रूळ बसतात: २४८ अधिक ६२, एकूण ३१० मिलिमीटर. दोन्ही बाजूंना रूळ पेटीबाहेर एकेक मिलिमीटर डोकावतो, म्हणजे पेट्या जोडताना लाकडाआधी रूळ भिडतात. अप आणि डाऊन मार्गांच्या मध्यरेषांत ३३ मिलिमीटर अंतर. दुप्पट लांबीची पेटी ६१८, तिप्पट ९२८. कोपऱ्याची पेटी ३६५ मिलिमीटर चौरस; तिच्यावर आतल्या मार्गाची त्रिज्या २८२ आणि बाहेरच्याची ३१५.

आता घरातला दिवाण घ्यावा. सहा बाय तीन फूट, म्हणजे १८३० बाय ९१५ मिलिमीटर. त्यावर चार कोपरे आणि दोन लांब बाजूंना एकेक तिप्पट पेटी मांडली तर मांडणी १६५८ बाय ७३० होते. चारी बाजूंना हाताचा पंजा टेकेल एवढी कड उरते. बाहेरचा मार्ग सुमारे ३.८ मीटरचा, खऱ्या मापात सहाशे मीटरहून थोडा अधिक. ताशी ६० किलोमीटरच्या प्रमाणातल्या वेगाने गाडी सदतीस सेकंदांत फेरी पूर्ण करते. बारा डब्यांची लोकल सोडली तर ती जवळजवळ अर्धा मार्ग व्यापते आणि स्वतःच्याच मागे धावल्यासारखी दिसते. सहा डब्यांची गाडी इथे शोभते. सरळ फलाटावर ती पुरती उभी राहते आणि दोन्हीकडे वळण घ्यायला वाव मिळतो. मोटारमनच्या डब्याचा जुना पिवळा-तपकिरी रंग, खिडक्यांचे गज आणि प्रथम वर्गाचा डबा, एवढे साधले की डोळा बाकीचे सहा डबे आपोआप मोजून घेतो.

पेटी बांधणे हे सुताराचे काम आहे आणि इथेच पहिली चूक होते. मुंबईचा सुतार फूट, इंच आणि सुतात मोजतो. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सुमारे ३.२ मिलिमीटर. स्वयंपाकघराच्या कपाटात एक सूत इकडेतिकडे झाले तर पट्टी मारून झाकता येते. ३०८ मिलिमीटरच्या पेटीत ते झाकता येत नाही. एक फूट म्हणून ३०५ ची कापली तर रूळ नको तेवढा बाहेर येतो, आणि एक सूत जास्त झाली तर लाकूड लाकडाला भिडून रुळांत फट राहते. म्हणून सहाही पेट्यांच्या सगळ्या बाजू एकाच वेळी, यंत्रावर एकच थांबा लावून, मिलिमीटरमध्ये कापून घ्याव्यात. वरची फळी ६ मिलिमीटर प्लायची, कडा ९ किंवा १२ च्या. हलक्या प्रतीचे प्लाय पावसाळ्यात वाकते. पाण्याला टिकणारे, आयएस ७१० शिक्का असलेले प्लाय महाग पडले तरी तेच घ्यावे. टोकाच्या दोन्ही पट्ट्या गुण्याला लावून पाहाव्यात. कोन काटकोनातून किंचित ढळला तर तो दोष एका पेटीत दिसत नाही, पण चार कोपरे जोडल्यावर शेवटचा जोड मिटतच नाही.

जुन्या चाळीतली शहाबादी फरशी सपाट नसते, आणि दिवाणावरची गादी काढून फळी टाकली तरी तीही थोडी झोलते. म्हणून पेटीच्या चारी कोपऱ्यांत खालून बोल्ट बसवतात. त्यांवर पेटी उभी राहते. उंची किमान ७० मिलिमीटर. एम-६ बोल्ट असेल तर एका पूर्ण फेऱ्याला पेटी बरोबर एक मिलिमीटर वर जाते.

जोड लावण्याची कृती सावकाश करण्याची आहे. पहिली पेटी बुडबुड्याच्या लेव्हलने सपाट करायची. दुसरी तिच्याशेजारी ठेवून, न दाबता, रुळांची टोके समोरासमोर आणायची. मग बोल्ट पाव-पाव फिरवत उंची जुळवायची आणि जोडावरून नख ओढून पाहायचे. नख अडले तर अजून फरक आहे. एन प्रमाणातल्या चाकाची कड मिलिमीटरभरही खोल नसते. डोळ्याला न दिसणारी पायरी तिला रुळावरून उतरवते. नख सरळ गेले की पेट्या एकमेकींकडे सरकवायच्या आणि रुळांच्या टोकांचे जोडणारे खटके बसल्याचा आवाज ऐकायचा. शेवटी एक हलका डबा बोटाने ढकलत न्यायचा. जड इंजिन वाईट जोडावरूनही निघून जाते, हलका डबा जात नाही, म्हणून परीक्षा डब्यानेच घ्यायची. मागे ढकलत नेलेला पूर्ण रेक न उतरता गेला, तर तो जोड पास.

विजेची व्यवस्था आरंभी साधी ठेवावी. एन प्रमाणातली इंजिने १२ व्होल्ट डीसीवर चालतात. एका रुळाला धन, दुसऱ्याला ऋण. दिशा बदलायची तर दोन्हींची अदलाबदल. जपानी कंट्रोलर १०० व्होल्टच्या घरगुती विजेसाठी बनवलेला असतो आणि तो थेट आपल्या २३० व्होल्टच्या प्लगला लावला तर जळतो. त्याऐवजी लॅमिंग्टन रोडवर मिळणारा १२ व्होल्टचा चांगला अडॅप्टर, वेग कमीजास्त करणारे सर्किट आणि दिशा बदलणारा स्विच यांतून काम भागते. एका गाडीला एक अँपिअर पुरतो. शॉर्टसर्किट झाल्यास तोडणारा फ्यूज मात्र हवाच. तारा लोहार चाळीत हव्या त्या रंगांत मिळतात. रंगांचा नियम पहिल्या दिवशी ठरवून कागदावर लिहून पेटीच्या पोटात चिकटवावा. सहा महिन्यांनी निळी तार कुठल्या रुळाची हे आठवत नाही, आणि एका पेटीत उलटी जोडलेली तार सगळी मांडणी बंद पाडते. एकाच मार्गावर दोन गाड्या स्वतंत्रपणे चालवायच्या झाल्या तर डीसीसी ही डिजिटल पद्धत लागते. तिच्यात रुळांवर सतत वीज असते आणि प्रत्येक इंजिनातली चिप आपल्या क्रमांकाचा हुकूम तेवढा उचलते. खर्च वाढतो, पहिल्या वर्षी तिच्या मागे लागू नये.

देखावा करताना गिरगाव-लालबाग-परळ या भागाकडे जगातल्या कुठल्याही छांदिष्टाने हेवा करावा असा ऐवज आहे. परळ आणि प्रभादेवीला मध्य आणि पश्चिम रेल्वेचे मार्ग शेजारून जातात. करी रोडला पुलावरून खाली पाहिले की रूळ, चाळ आणि टॉवर एका नजरेत येतात. परळ आणि लोअर परळचे रेल्वे कारखाने एकोणिसाव्या शतकातले, माटुंग्याचा १९१५ चा. दादरचे स्थानक पूर्ण करण्याचा मोह आवरावा: दोन्ही रेल्वे मिळून चौदा फलाट कोणत्याही दिवाणावर मावत नाहीत. त्यातला एक फलाट, एक जिना आणि पुलाचा एक कोपरा एवढ्यानेही दादर ओळखू येते.

टी-ट्रॅकच्या पेटीत रुळांमागे फार तर वीस-पंचवीस सेंटिमीटर उरतात. म्हणून मागच्या इमारती पूर्ण न करता दर्शनी भागच करायचा, चार-पाच सेंटिमीटर खोल. तळमजला अधिक तीन मजल्यांची चाळ १४ मीटर उंच धरली तर एन प्रमाणात ती नऊ सेंटिमीटर भरते. सनबोर्डाची भिंत, आइस्क्रीमच्या काड्यांची गॅलरी, बारीक जाळीचे कठडे. माणूस जेमतेम एक सेंटिमीटर उंच. कठड्यावर वाळत घातलेले कपडे टिश्यूपेपरचे, पण ते ताठ राहिले तर खोटे दिसतात. पातळ फेविकॉलमध्ये बुडवून तारेवर टाकले की वाळताना स्वतःच्या वजनाने लोंबतात आणि पदराचा झोळ आल्यासारखा येतो. वरच्या मजल्याच्या एका खिडकीत पिवळा एलईडी लावला तर ती खोली जागी आहे असे वाटते.

गिरणीची चिमणी हवीच. पण ५० मीटरची चिमणी एनमध्ये ३१ सेंटिमीटर होते आणि पेटी पलंगाखाली जात नाही. तिच्या बुडाला आणि जमिनीत एकेक चुंबक बसवला की चिमणी काढता-लावता येते. पलंगाखालची उंची आधी मोजावी आणि इमारती नंतर आखाव्यात, हा क्रम उलटला की केलेले काम कापावे लागते.

रुळांच्या कडेची खडी चहाच्या गाळणीतून चाळलेल्या बारीक वाळूची होते. ती कोरडीच पसरून ब्रशने बसवायची, वर पाण्याचा फवारा मारायचा आणि फेविकॉल व पाणी समभाग घेऊन, त्यात भांडी घासण्याच्या साबणाचा एक थेंब टाकून, ड्रॉपरने सोडायचे. साबण नसला तर थेंब वाळूवर गोळी होऊन बसतो आणि खडी विस्कटते. मुंबईच्या रुळांचा रंग करडा नसतो. ब्रेकच्या लोखंडी भुकटीने तो तांबूस-तपकिरी झालेला असतो, फलाटाजवळ जास्त. तो रंग आला नाही तर बाकी सगळे बरोबर असूनही दृश्य परदेशी वाटते.

ज्यांना फेरीची गाडी नको त्यांच्यासाठी शंटिंगची मांडणी आहे. इंग्लंडमधल्या ॲलन राइट यांच्या इंगलनूक साइडिंग्ज या आराखड्यात दोन सांधे आणि तीन डेड-एंड मार्ग असतात. एकावर पाच वाघिणी मावतात, दोहोंवर तीन-तीन. आठ वाघिणींतून चिठ्ठ्या टाकून पाच निवडायच्या आणि त्याच क्रमाने लावायच्या. अशा ६,७२० जुळण्या होतात. एचओ प्रमाणातही, छोट्या चारचाकी वाघिणी घेतल्या तर, हे पाच फुटांच्या फळीवर बसते. विषयासाठी लांब जायला नको: मुंबई पोर्ट ट्रस्टची स्वतःची रेल्वे १९१५ पासून गोद्यांमधून धावत होती, आणि कॉटन ग्रीनच्या कापसाच्या गोदामांचा परिसर लालबागपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. अडीच-अडीच फुटांच्या दोन पेट्या कपाटावर सहज राहतात.

दमट हवा हा मुंबईतला कायमचा शत्रू. प्लायला वरून, खालून आणि कापलेल्या कडांवरही प्रायमर आणि रंग लावावा. उघडी राहिलेली एक कड सगळ्या पेटीला पाणी पाजते. पावसाळ्याचे चार महिने पेट्या प्लास्टिकच्या झाकणाच्या खोक्यांत, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवाव्यात. रूळ काळवंडले की वीज तुटक पोचते आणि इंजिन गचके खाते. आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओल्या केलेल्या फडक्याने पुसावे. सँडपेपरने घासले तर ओरखड्यांत मळ अधिक साचतो.

एका घरातल्या सहा पेट्यांची पूर्ण मांडणी होते, पण या पद्धतीचा खरा लाभ दुसऱ्या घरातल्या पेट्या येतात तेव्हा मिळतो. गिरगावातल्याने चर्नी रोडचा फलाट केला, नायगावातल्याने चाळ, लालबागेतल्याने गिरणीचे आवार. टोकांची मापे एक असली की शाळेच्या किंवा सोसायटीच्या हॉलमध्ये तासाभरात त्यांची एक रेल्वे होते. प्रत्येकाने देखाव्यात हवे ते करावे, टोकाच्या दहा सेंटिमीटरांत मात्र काहीही बदलू नये. तिथे रुळाची जागा, उंची आणि तारांचा रंग एवढेच बोलते.

अशा मेळाव्यात घड्याळ चारपट वेगाने धावते असे धरतात: खऱ्या पंधरा मिनिटांत रेल्वेचा एक तास. त्यावर वेळापत्रक बसवले की स्लो लोकलला बाजूच्या मार्गावर घेऊन फास्ट पुढे काढणे, मालगाडीला दोन लोकलच्या मधली फट शोधून देणे, हे सारे माणसांनी बोलून करायचे काम होते. एकजण स्टेशनमास्तर, एकजण मोटारमन, तिसरा कंट्रोलर. रोज सकाळी डोंबिवली फास्ट चार मिनिटे का थांबते, याचे उत्तर इथे हाताने कळते.

उकलण्याचाही क्रम ठरलेला आहे. आधी वीज बंद. मग सगळे डबे उचलून आपापल्या खाचांच्या डब्यांत. पेटीवर विसरलेला एक डबा पेटी तिरकी होताच जमिनीवर येतो. चुंबकाच्या चिमण्या आणि सिग्नलचे खांब काढून कापडात. पेट्या शेवटून पहिलीकडे, रुळांचे खटके दाबून सरळ बाजूला ओढायच्या, उचलून नव्हे; उचलली तर रुळाचे टोक वाकते. दोन पेट्या समोरासमोर, मध्ये कोपऱ्यांवर लाकडी ठोकळे. प्रत्येक पेटीच्या बाहेरच्या बाजूला क्रमांक आणि डावे-उजवे टोक रंगाने लिहिलेले असावे, माळ्यावर खोके अंधारात ठेवले तरी ते दिसेल एवढे मोठे.